कोलाडचं राफ्टिंग आणि धरणाचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याची चाहूल लागली की ओळखीतल्या लोकांचे फोन सुरू होतात. "कोलाडला जायचंय, काय काय लागतं?" तिथल्या कुंडलिका नदीवर मी बरीच वर्षं जाते आहे, आधी राफ्टमध्ये म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीत बसायला आणि आता कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, घेऊन. त्यामुळे उत्तरं तोंडपाठ झाली आहेत. तीच इथे लिहून ठेवते. क्रम ठरवून लावलेला नाही, लोक ज्या क्रमाने विचारतात तोच आहे.

पाणी किती वाजता सुटतं?

राफ्टिंग चालतं ते वरच्या वीजघरातून नदीत सुटणाऱ्या पाण्यावर, आणि ते सुटतं बहुतेक दिवशी सकाळी. म्हणून आयोजक सगळ्यांना साडेसात-आठला कोलाडला हजर राहायला सांगतात. तिथून गाडीने साजे गावापर्यंत, मग लाइफ जॅकेट, हेल्मेट, सूचना, आणि पाणी आलं की निघायचं. साधारण बारा-चौदा किलोमीटरचा प्रवाह आहे, कामत गावाच्या आसपास बाहेर पडायचं. दोन-अडीच तास धरा.

ही वेळ आपल्या सोयीची नाही आणि मागेपुढे होत नाही. "ट्रॅफिक लागलं, अर्धा तास थांबा" असं गाइडला म्हणता येतं, पाण्याला म्हणता येत नाही. वर पाणी बंद झालं की उतरती पातळीही खाली सरकत येते. उशिरा निघालेल्या राफ्टला ती वाटेत गाठते, मग शेवटचे दोन-तीन किलोमीटर राफ्ट दगडांवरून ढकलत न्यावी लागते. मुंबईहून कोलाड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण महामार्गाच्या भरवशावर पहाटे निघू नका. आदल्या रात्री मुक्कामाला या. पुण्याहून ताम्हिणी घाटाने येणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. पावसात, धुक्यात, अंधारात तो घाट उतरून येणं हे राफ्टिंगपेक्षा जास्त जोखमीचं आहे.

हे पाणी येतं कुठून?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मला मात्र सगळ्यात आवडतो तो हाच.

तुम्ही ज्या पाण्यावर वल्हं मारता ते मुळात कुंडलिकेचं नाही. ते मुळा नदीचं आहे. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात, मुळशीला टाटांनी धरण बांधलं. तिथे अडवलेलं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून आणि मग पोलादी नळांमधून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडलं जातं. पायथ्याशी भिरा इथे वीजघर आहे, १९२७ साली सुरू झालेलं. हा बोगदा नसता तर हेच पाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. आता ते रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. राफ्टवर बसलेल्या पुणेकरांना मी हे आवर्जून सांगते. त्यांच्या दारावरून वाहणारं पाणी इथे त्यांच्या तोंडावर उडत असतं.

भिऱ्याहून निघालेलं पाणी लगेच मोकळं होत नाही. खाली ते पुन्हा अडवलं जातं आणि राज्य शासनाच्या ८० मेगावॉटच्या भिरा टेलरेस प्रकल्पात त्यातून दुसऱ्यांदा वीज काढली जाते. स्थानिक लोक 'रवाळजे' म्हणतात ते हेच. "रवाळज्याचं पाणी सुटलं का?" हा सकाळचा पहिला प्रश्न असतो, चहाच्याही आधी.

आणखी एक गोष्ट या पाण्याबरोबर यायला हवी. मुळशीच्या धरणाखाली मावळातली पन्नासच्या आसपास गावं गेली. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. धरणाविरुद्धच्या देशातल्या अगदी पहिल्या लढ्यांपैकी हा एक. लढा हरला, धरण झालं, मुंबईला वीज मिळाली. सकाळी साज्याला पाण्याची वाट बघत बसलेल्या पोरांना मी हे सांगते तेव्हा बहुतेकांनी मुळशी सत्याग्रह हे शब्द शाळेत एकदा ऐकलेले असतात, पण ते पाणी म्हणजे हेच, हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणजे पाणी राफ्टिंगसाठी सोडत नाहीत?

नाही. वीज हवी असते तेव्हा सोडतात. त्याखेरीज डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना पाणी द्यायचं असतं, त्यावर उन्हाळी भात होतो, आणि रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांनाही पाणी लागतं. आपण त्यांच्या पंगतीत जागा मिळाली म्हणून बसलेली माणसं.

हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली आणलं की साधारण ४ मेगावॉट वीज मिळते. भिऱ्याचे वीज तयार करणारे मूळ संच प्रत्येकी २५ मेगावॉटचे आहेत. म्हणजे एक संच पूर्ण चालायला सेकंदाला सहा हजार लिटर पाणी लागतं, दर सेकंदाला एक टँकर. किती संच चालवायचे हे विजेच्या मागणीवर ठरतं. शिवाय १९९० च्या दशकात तिथे १५० मेगावॉटचा असा एक संच बसवला की जो मागणी कमी असताना खालचं पाणी पंपाने पुन्हा वर मुळशीत चढवू शकतो. त्यामुळे काल भरपूर पाणी होतं म्हणून आज असेल, असं गृहीत धरू नका. यंत्रांची दुरुस्ती निघाली तर पाणी अजिबात येत नाही. अशा दिवशी आयोजक पैसे परत करतो की तारीख बदलून देतो, हे आधीच विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा. व्हॉट्सअॅपवर आलं तरी पुरे.

मग वेळापत्रक जाहीर का करत नाहीत?

करायला हवं, असं माझं ठाम मत आहे. नदीकाठच्या गावांना, गुरं राखणाऱ्यांना, मासे धरणाऱ्यांना ते आपल्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात गॉली नावाची नदी आहे. तिच्यावरच्या समर्सव्हिल धरणातून दर शरद ऋतूत ठरलेल्या दिवशी पाणी सोडतात. तळं हिवाळ्याआधी रिकामं करायचंच असतं. ते पाणी नावाड्यांच्याही कामी यावं म्हणून १९८६ च्या कायद्याने जलक्रीडा हा त्या धरणाचा एक अधिकृत उद्देश ठरवला. तारखा आधी कळतात, गावच्या गावं त्या काही आठवड्यांवर वर्ष काढतात. अमेरिकेत राहणारा माझा मावसभाऊ तिथे जाऊन आला आणि म्हणाला, "ताई, त्यांच्याकडे धरणाच्या पाण्याचं पंचांग असतं." कोलाड परिसरातही शेकडो घरं राफ्टिंगवर चालतात. गाइड बहुतेक इथलीच मुलं आहेत. त्यांना उद्याचं पाणी आज संध्याकाळी कळलं तरी त्यांचं आयुष्य सोपं होईल.

ग्रेड दोन, ग्रेड तीन म्हणजे काय?

खळाळाची अवघडपणाची प्रतवारी. एक म्हणजे नुसतं वाहतं पाणी, सहा म्हणजे जिवाशी खेळ. कुंडलिका एरवी दोन ते तीनमध्ये बसते: लाटा उसळतात, राफ्ट वळवावी लागते, पण वाट मोकळी असते. पावसाचं पाणी मिसळलं की तीच नदी वरच्या प्रतीत जाते. ग्रेड नदीचा नसतो, त्या दिवशीच्या पाण्याचा असतो. जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका.

पोहता येत नाही. चालेल का?

चालेल. लाइफ जॅकेट तरंगवतं. पण पाण्याची भीती इतकी असेल की तोंडावर पाणी उडालं तरी श्वास अडकतो, तर आधी गावातल्या तलावात किंवा पोहण्याच्या हौदात चार दिवस काढा. भीती वाटणं ठीक आहे, ती गाइडला सांगा. तो तुम्हाला मधे बसवेल. लपवून पुढच्या जागेवर बसलेला माणूस सगळ्या राफ्टला महागात पडतो.

राफ्टमधून पडले तर?

पडणार, असं धरूनच बसा. मग घाबरायला होत नाही. पुढचं नीट वाचा, कारण काठावरच्या सूचना देताना निम्मी मंडळी सेल्फी काढत असतात.

पडलात की पहिले काही क्षण काही कळत नाही. कानात घूं घूं आवाज, डोळ्यांपुढे हिरवट-पांढरं, नाकात पाणी. मग जॅकेट वर आणतं. वर आल्यावर पाठीवर उताणे व्हा. पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलं पाण्याच्या वर, गुडघे थोडे वाकवलेले. दगड आला तर तो पायाने ढकलता येतो. लाटेच्या खोलग्यात तोंड मोकळं असतं तेव्हा श्वास घ्या, माथ्यावर नाही.

आणि उभं राहू नका. हे मी पुन्हा लिहिते: वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाणी कमरेएवढंच दिसतं, माणसाला वाटतं उभं राहिलं की सुटलो. पाऊल कातळाच्या फटीत जातं, मागून प्रवाह ढकलतो, माणूस पुढे वाकतो आणि मग सरळ होता येत नाही. गुडघाभर पाण्यातही माणूस असा बुडतो. काठाजवळ पाणी अगदी संथ झालं, हात तळाला टेकले, की मगच उठायचं.

गाइड दोरीची पिशवी फेकेल. पिशवी नाही, दोरी धरा. छातीशी धरा, पाठीवर व्हा, दोरी खांद्यावरून येऊ द्या. मनगटाला गुंडाळू नका. वल्हं हातात असेल तर सोडू नका, तेही धरायला होतं. राफ्टमध्ये असतानाही वल्ह्याच्या वरच्या मुठीवर हात कायम हवा. इंग्रजी टी अक्षरासारखी ती मूठ मोकळी सुटली की शेजाऱ्याचे दात जातात. नदीत मी ज्या जखमा पाहिल्या त्यांतल्या निम्म्या तरी दगडाने केलेल्या नव्हत्या, वल्ह्याने केलेल्या होत्या.

पाणी यायच्या आधी नदी कशी असते?

एकदा तरी लवकर जाऊन बघा. साज्याच्या काठावर सकाळी नदी म्हणजे दगडांचा पसारा असतो. मधून पाण्याची एक बारीक धार. बायका कपडे धूत असतात, एखादी कातकरी आजी दगड उलथून खेकडे शोधत असते. मी एक काडी पाण्याच्या कडेला रोवून ठेवते. ही सवय मला तिथल्या एका गाइडने लावली.

मग वरच्या अंगाला आवाज बदलतो. मोठा होत नाही, जाड होतो. बायका काही न बोलता पिळे बादलीत टाकून वर चढतात. सुकी पानं, काटक्या आणि पिवळट फेस यांची एक रेघ दगडांमधून वाट काढत येते. तिच्यामागे पाणी. काडी बोटभर भिजते, मग वीतभर, मग दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी ज्या कातळावर बसून तुम्ही बुटाचे बंद बांधले, तो पाण्याखाली असतो आणि त्याच्यावर लाट उभी असते. हातात घेतलं तर गार लागतं, मे महिन्यातसुद्धा.

हे बघितल्यावर विचारावंसं वाटतं, काठावर खेळणाऱ्यांना धोका नाही का?

आहे. सगळ्यात मोठा धोका राफ्टमधल्यांना नाही, दुपारी दगडांवर जेवायला बसणाऱ्यांना आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचलमध्ये बियास नदीत लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादहून सहलीला आलेले २४ विद्यार्थी वाहून गेले. ते दगडांवर उभे राहून फोटो काढत होते. त्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. त्या मुलांनी नदी दिसली तशी मानली, एवढंच त्यांचं चुकलं.

म्हणून धरणाखालच्या कुठल्याही नदीत, कुंडलिका असो वा दुसरी, भोंगा ऐकू आला की आवरायला लागू नका, आधी वर चढा. भोंगा ऐकू आला नाही तरी पाणी गढूळ होणं, काटक्या-पानं वाहायला लागणं, कोरड्या दगडाची कडा ओली दिसणं, यातलं काहीही दिसलं की निघा. नदीच्या मधल्या बेटावर बसूच नका. डबा काठावरही तितकाच गोड लागतो.

पावसाळ्यात जावं की नंतर?

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये जावं. डोंगर हिरवे असतात, ओढे अजून उतरत असतात आणि नदीत मुख्यतः धरणाचंच पाणी असतं, म्हणजे अंदाज बांधता येतो. जुलै-ऑगस्टला मजा जास्त, खात्री कमी. त्या दिवसांत दोन पाणी एकत्र येतात, वीजघराचं आणि आभाळाचं. पहिल्याला वेळ असते, दुसऱ्याला नसते. रायगड जिल्ह्याच्या रोजच्या पूर-अहवालात कुंडलिकेची डोलवहाळची धोक्याची पातळी २३.९५ मीटर दिलेली असते. आदल्या दिवशीची पातळी त्याच्या जवळ असेल किंवा हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल, तर मी घरी बसते. गाइडने "आज नाही" म्हटलं तर वाद घालू नका. त्याची रोजची कमाई जात असतानाही तो नाही म्हणतोय, हे लक्षात घ्या.

आयोजक कसा निवडायचा?

राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, हे विचारा. त्यानंतर फोनवर तीन गोष्टी विचारा: राफ्टबरोबर बचावासाठी कयाक असतो का, एका राफ्टमध्ये किती माणसं बसवता, आणि गाइडला प्रथमोपचार येतात का. चौदा फुटी राफ्टमध्ये गाइडखेरीज आठ माणसं मी ठीक मानते. "बसतील हो दहा-बारा" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

एकदा मी एका आयोजकाकडे मैत्रिणींना घेऊन गेले होते. माझ्या हेल्मेटची कडी तुटलेली होती, तिथे सुतळी बांधली होती. मला संकोच वाटला, वाटलं कशाला बाऊ करा. पहिल्याच मोठ्या लाटेत हेल्मेट सुटून गेलं आणि उरलेली नदी मी डोक्यावर हात ठेवून, राफ्टच्या तळाशी बसून पार केली. काही झालं नाही, पण त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. आता मी प्रत्येकीच्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघते. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पट्टे सैल आहेत. तुम्हीही बघा.

मुलांना, आजी-आजोबांना नेता येईल?

बहुतेक आयोजक चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि ते बरोबर आहे. हृदयविकार, फिट, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, निखळणारा खांदा यांपैकी काही असेल तर नको. साठीचे ठणठणीत आजोबा माझ्या राफ्टमध्ये होते, सगळ्यात शिस्तीत तेच वल्हवत होते. दारू प्यायलेल्याला मात्र कोणत्याही वयात नको. आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तरी नको.

काय घालायचं?

लवकर वाळणारे कपडे, मागे पट्टा असलेले बूट-सँडल. जीन्स नको, चपला नकोत, मंगळसूत्र-अंगठ्या खोलीवर. चष्म्याला दोरी. मोबाइल गाडीत.

स्वतःचा कयाक घेऊन उतरलं तर?

उतरता येतं, पण एकट्याने नको. उलटल्यावर वल्ह्याने सरळ होणं संथ पाण्यात पक्कं जमत असेल तरच. राफ्टवाल्यांना आधी भेटा, त्या दिवशीच्या पाण्याची खरी बातमी त्यांच्याकडेच असते. झाडांच्या बुडालेल्या फांद्यांपासून लांब राहा, पाणी त्यातून गाळून जातं, माणूस अडकतो. आणि बाहेर पडायची जागा चुकवून डोलवहाळच्या बंधाऱ्याकडे वाहत जाऊ नका. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी वरून गुळगुळीत, निरुपद्रवी दिसतं. त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरत राहतं आणि पडलेल्या वस्तूला सोडत नाही. मी तिथे एक फुटबॉल सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच जागी गिरक्या घेताना पाहिला आहे.

कोलाडखेरीज धरणाच्या पाण्यावरचं राफ्टिंग जवळपास कुठे?

दांडेलीजवळ गणेशगुडीला, काळी नदीवर. वर सुपा धरण आहे, तिथेही वीजघराच्या पाण्यावरच गणित चालतं. गोवेकरांना आणि बेळगावकरांना ते जवळचं. गोव्यात सत्तरीत म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग होतं, पण ते पावसाच्या पाण्यावर, तिथे वर आभाळच बघायचं.

पाणी बंद झाल्यावर काय होतं?

दुपारी परत जाताना साज्याच्या काठावर गाडी पाच मिनिटं थांबवा. ज्या खळाळात तुम्ही ओरडलात तिथे ओले दगड वाळत असतात. खोलगट जागी डबकी राहतात, त्यांत बोटाएवढे मासे अडकतात. गावातली मुलं टोपल्या आणि जुन्या मच्छरदाण्या घेऊन उतरलेली असतात. त्यांना विचारलंत, "परत पाणी कधी येईल?" तर ती वर धरणाकडे बघत नाहीत, मनगटाकडेही नाही. एकाने मला सांगितलं होतं, "उद्या, शाळेच्या आधी."